पाणी साचलेल्या मातीतलं झाड: ओळख, पहिले दोन दिवस आणि नंतरची काळजी

हायड्रोपोनिक्समध्ये, म्हणजे मातीविना शेतीत, टोमॅटोची मुळं महिनोन्महिने पाण्यात असतात आणि झाड फळांनी लगडतं. तेच टोमॅटोचं झाड साचलेल्या पाण्यात दोन-तीन दिवसांत मान टाकतं. दोन्हीकडे पाणीच आहे. फक्त पहिल्या पाण्यात हवा सोडलेली असते किंवा मुळांचा काही भाग हवेत मोकळा ठेवलेला असतो. म्हणून पाणी साचलेल्या मातीत काहीही करायला जाण्याआधी एकच गोष्ट तपासायची: याने मुळापर्यंत हवा पोचेल का? उत्तर 'नाही' असेल तर तो उपाय कितीही प्रसिद्ध असो, सोडून द्यायचा. खालच्या सगळ्या पायऱ्या याच कसोटीवर बेतलेल्या आहेत.

आधी थोडं आकड्यांत. ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे १०,००० पट हळू तो पाण्यातून पसरतो. त्यात पाण्यात तो मावतोही कमी: २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात जेमतेम ९ मिलीग्रॅम, तर एक लिटर हवेत २८० मिलीग्रॅमच्या आसपास. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की वरून नवा ऑक्सिजन येणं जवळपास थांबतं, आणि आत असलेला मुळं व जिवाणू मिळून संपवतात. गरम दिवसांत यासाठी एक दिवसही पुरतो. थंडीत मुळांचा आणि जिवाणूंचा श्वास मंद असतो, त्यामुळे वेळ जास्त मिळतो. पानगळ होऊन सुप्त पडलेलं झाड कित्येक आठवडे पाण्यात काढतं, आणि तेच झाड पालवी फुटल्यावर काही दिवसांत खचतं, ते यामुळेच.

ऑक्सिजन नसला की मुळाच्या पेशी साखर आंबवून ऊर्जा काढू लागतात. ऑक्सिजनच्या साहाय्याने एका ग्लुकोजमधून ऊर्जेची, म्हणजे एटीपीची, तीसेक एककं मिळतात. आंबवून फक्त दोन. साखर भराभर संपते, इथेनॉल साचतं, पेशी आम्लधर्मी होतात. सर्वात आधी मरतं ते मुळाचं टोक, कारण तिथे पेशी सतत विभागत असतात आणि ऊर्जेची भूक तिथेच जास्त असते.

पायरी १: खरंच पाणी साचल्यामुळे आहे का, ते पाहा

पाणथळ मातीतलं झाड तहानलेल्या झाडासारखं दिसतं. पानं लोंबतात, आणि बघणारा आणखी एक बादली ओततो. घरच्या कुंड्या बहुधा याच बादलीने मरतात. माती ओली असूनही पानं लोंबण्याचं कारण पेशीत आहे. मुळाच्या पेशींच्या पडद्यात पाणी आत घेणारी प्रथिनांची दारं असतात. पेशी आम्लधर्मी झाली की ती मिटतात. हे २००३ मध्ये अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपावर दाखवून दिलं गेलं. म्हणजे मूळ पाण्यात बुडालेलं असतं आणि पाणी आत येत नसतं.

टोमॅटो, सूर्यफूल अशा झाडांत आणखी एक खूण दिसते. पान सुकलेलं नसतं, हाताला टणक लागतं, पण देठ वरच्या बाजूने जास्त वाढल्यामुळे खाली वाकतो आणि पानं खोडाला चिकटल्यासारखी लटकतात. बुडालेल्या मुळांत एथिलीन या संप्रेरकाचा कच्चा माल तयार होतो, तो खोडातून वर चढतो आणि पानात हवा लागल्यावर त्याचं एथिलीन होतं. मुळाने पानाला पाठवलेला हा संदेश १९८० च्या सुमारास टोमॅटोत उलगडला. तहानेने लोंबलेलं पान मात्र मऊ, चुरगळल्यासारखं लागतं. बोटांनी देठ दाबून पाहिला की फरक लगेच कळतो.

जुनी, खालची पानं आधी पिवळी पडतात, कारण नत्राचा पुरवठा तुटलेला असतो आणि झाड खालच्या पानांतलं नत्र काढून कोवळ्या पानांना देतं.

आता उकरा. झाडाच्या घेरात, खोडापासून थोडं दूर, १५ ते २० सेंटीमीटर खोल छोटा खड्डा घ्या आणि तीन गोष्टी पाहा. खड्ड्यात पाणी पाझरून साचतं का? मातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो का? आणि रंग राखाडी, निळसर किंवा काळपट झालाय का? ऑक्सिजन संपल्यावर जिवाणू श्वासासाठी दुसरी रसायनं वापरतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो: आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट, शेवटी कार्बन डायऑक्साइड, ज्यातून मिथेन तयार होतो. वास आणि रंग यांवरून माती या जिन्यावर किती खाली उतरली आहे ते कळतं. लोहापर्यंत आली की तांबूस रंग जाऊन राखाडी होतो, सल्फेटपर्यंत आली की वास सुटतो. वास येत असेल तर उशीर झालेला आहे, हे मान्य करून पुढे जायचं.

शेवटी एक बारीक मूळ हातात घ्या. पांढरी मुळी कडक आणि ताजी असेल, मोडताना कट्‌ असा बारीक आवाज येत असेल, तर झाडात दम आहे. मेलेलं मूळ तपकिरी आणि बुळबुळीत असतं. दोन बोटांत धरून हलकं ओढलं की बाहेरची साल मोज्यासारखी निघून येते आणि हातात आतला दोरा उरतो. चार-पाच ठिकाणची मुळं तपासा, कारण वरच्या थरातली बरीच मुळं जिवंत आणि खालची मेलेली असं चित्र नेहमी दिसतं. ते चांगलं लक्षण आहे.

पायरी २: पहिले दोन दिवस

पाणी काढणं सोडून दुसरं काहीही महत्त्वाचं नाही. वाफ्याच्या किंवा शेताच्या सर्वांत खोलगट बाजूला चर काढा आणि पाण्याला वाट द्या. सगळं पाणी काढता येत नसेल तरी पातळी पाच-दहा सेंटीमीटर खाली आणली तरी फरक पडतो. वरच्या थरातली मुळं हवेच्या जवळ येतात, आणि झाड वाचायचं असेल तर तीच वाचवतात. झाडाभोवतीचं आळं फोडून टाका. पावसाळ्यात आळं म्हणजे तळंच.

वाफ्यात पाय ठेवू नका. ओली माती पायाखाली दबली की उरल्यासुरल्या पोकळ्याही मिटतात आणि ते नुकसान पुढचे कित्येक महिने राहतं. 'हवा जावी म्हणून' चिखलात पहारीने भोकं पाडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ओल्या चिकणमातीत पहारीचा फटका भोकाच्या भिंती गुळगुळीत लिंपून टाकतो आणि भोकात पाणीच भरतं. वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती ओलसर पण भुसभुशीत होईपर्यंत, तिला हात लावायचा नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइड ओतण्याचाही एक सल्ला फिरतो. त्यातून सुटणारा ऑक्सिजन थोड्याच वेळात संपतो, आणि मात्रा जास्त झाली तर जिवंत मुळांनाच भाजतो. मी तो करत नाही.

कुंडीतल्या झाडाचं सोपं आहे. खालची ताटली काढा, कुंडी दोन विटांवर ठेवा आणि तिरपी करा. तिरपी केल्यावर थोडं आणखी पाणी बाहेर येतं. कुंडीतली माती निथळून झाली तरी तळाशी एक ओला थर अडकून राहतो, आणि कुंडी कलली की तो थर एका कोपऱ्यात गोळा होतो. तळाच्या भोकातून सुती कापडाची वात आत सरकवून खाली लोंबती सोडली तर तीही पाणी ओढून घेते. झाड महत्त्वाचं असेल तर मुळांचा गोळा अलगद बाहेर काढून अर्धा-एक दिवस सावलीत जुन्या वर्तमानपत्रांवर ठेवा. मुळं मोकळी करत बसू नका.

खत बंद. साचलेल्या पाण्यात टाकलेला युरिया बराचसा वाया जातो. नायट्रेट तर जिवाणूच श्वासासाठी वापरतात आणि ते वायू होऊन उडून जातं. शेणखत किंवा ओला पालापाचोळा त्याहून वाईट, कारण तो खाताना जिवाणू उरलेला ऑक्सिजनही संपवतात.

पायरी ३: झाड स्वतः काय करतंय, त्यात ढवळाढवळ करू नका

पाण्यात अडकलेलं झाड गप्प बसलेलं नसतं. एथिलीन पाण्यातून बाहेर पडू शकत नाही, म्हणून मुळात साचतं, आणि तोच इशारा ठरतो. मक्याच्या मुळात त्या इशाऱ्यावर सालीतल्या काही पेशी ठरवून मरतात आणि त्यांच्या जागी लांबच लांब पोकळ नळ्या तयार होतात. पानातून, खोडातून आलेली हवा या नळ्यांतून खाली उतरते. यात मेख अशी की नळ्या मुख्यतः नव्या मुळांत होतात; जुनी मुळं बहुतेक जातात. म्हणून ज्या झाडाला नवी मुळं काढायला वेळ आणि साखर मिळते ते तगतं.

भाताला इशाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. त्याच्या मुळात या पोकळ्या कोरड्या जमिनीतही असतात. पाणी साचल्यावर तो मुळाच्या बाहेरच्या थरात मेणचट सुबेरिनचा लेप चढवतो, म्हणजे वाटेत ऑक्सिजन गळत नाही आणि टोकापर्यंत पोचतो. टोकाशी जो थोडा बाहेर पडतो त्याने आजूबाजूचं विरघळलेलं लोह गंजतं. चिखलातून भाताचं रोप उपटलं तर मुळांवर तांबूस-नारिंगी लेप दिसतो तो हाच, आणि त्यामुळे विषारी प्रमाणातलं लोह मुळाबाहेरच अडतं.

कमळाच्या कुळकथा याहून विलक्षण आहेत. पाणकमळाच्या पिवळ्या जातीत कोवळ्या पानांत उन्हाने दाब वाढतो आणि हवा देठातून चिखलातल्या कंदात ढकलली जाते, मग जुन्या पानांतून बाहेर पडते. १९८० मध्ये मोजलं तेव्हा दिवसाला २२ लिटरपर्यंत हवा अशी खाली जाताना आढळली. तिवरासारखी खारफुटी चिखलातून पेन्सिलीएवढी श्वसनमुळं वर काढते आणि भरती ओसरली की त्यांवरच्या रंध्रांतून हवा घेते.

बागेतल्या झाडांत आपल्याला दिसू शकणाऱ्या खुणा दोन. पहिली, पाण्याच्या पातळीच्या जरा वर खोडावर पांढरट, फुगलेले, कापसासारखे ठिपके. ही सुजलेली वल्करंध्रं, म्हणजे सालीतली हवेची बारीक छिद्रं, आहेत. आंब्यात ती ठळक दिसतात. बुरशी समजून लोक ती खरवडतात किंवा त्यावर औषध चोपडतात. तसं करू नका, झाड तिथून श्वास घेतंय. दुसरी, खोडाच्या बुंध्यातून फुटणारी नवी जाड पांढरी मुळं. टोमॅटो, मका, सूर्यफूल, वाळुंज या सगळ्यांत ती येतात. 'वेडीवाकडी' दिसतात म्हणून छाटू नका. पाणी उतरल्यावर त्यांच्यावर भुसभुशीत, कोरडसर मातीची हलकी भर द्या. मोडक्या जुन्या मुळांच्या जागी हीच मुळं झाड चालवतात.

झाड पूर्ण बुडालं तर गणित निराळं होतं. खोल पाण्यातल्या भाताच्या काही जाती पाण्याबरोबर भराभर उंच होतात आणि शेंडा वर काढतात. २००९ मध्ये त्यामागची जनुकं सापडली आणि त्यांना स्नॉर्केल असंच नाव मिळालं. याच्या उलट ओडिशातल्या एफआर १३ए या जुन्या जातीचं भात बुडाल्यावर वाढ थांबवून बसतं आणि दोनेक आठवडे तग धरतं. तो गुण ज्या सब१ए जनुकामुळे येतो ते २००६ मध्ये ओळखलं गेलं आणि त्यातून स्वर्णा-सब१ ही जात तयार झाली. भारतात ती २००९ मध्ये प्रसारित झाली. बागकाम करणाऱ्याने यातून एवढं घ्यावं: पूर थोड्या दिवसांचा असेल तर साखर जपून गप्प राहणं फायद्याचं असतं. त्या वेळी वाढीची टॉनिकं फवारून झाडाला ढोसणं म्हणजे त्याची शिल्लक उधळणं.

पायरी ४: पाणी ओसरल्यावरचा आठवडा

पाण्यात असताना ठीक दिसणारी झाडं पाणी उतरल्यावर, कडक ऊन पडल्यावर कोसळतात. बहुतेक लोक इथेच गाफील राहतात. कारणं दोन. ऑक्सिजन अचानक परत आला की पेशींमध्ये उपद्रवी ऑक्सिजन-रेणू तयार होतात, आणि साचलेल्या इथेनॉलचं अॅसिटाल्डिहाइड होतं, जे जास्त विषारी असतं. शिवाय मुळं कमी उरलेली आणि वर पानांचा पसारा तेवढाच. उन्हात पानं जितकं पाणी मागतात तितकं मुळं देऊ शकत नाहीत.

म्हणून तीन-चार दिवस दुपारच्या उन्हापासून आडोसा द्या. कुंड्या सावलीत न्या, रोपांवर जाळी बांधा. फळं आणि कळ्या लागल्या असतील तर बऱ्याच काढून टाका. हे जिवावर येतं, पण पीक आणि मुळं दोन्ही एकदम मिळत नाहीत. फांद्यांची जोरदार छाटणी मात्र नको. कुठली फांदी मेली ते नवी पालवी येईपर्यंत कळत नाही, आणि साखर बनवायला पानं लागतातच.

माती वाफशावर आली की वरची पापडी खुरप्याने दोन-तीन सेंटीमीटर फोडा, त्याहून खोल जाऊ नका. नत्र पानांतून द्या: एक लिटर पाण्यात १० ग्रॅम युरिया, म्हणजे १ टक्का, सकाळी किंवा संध्याकाळी फवारून. कोवळ्या रोपांना याच्या निम्मं पुरे. जमिनीतून खत द्यायचं ते नवी पांढरी मुळी दिसल्यावर, थोडं थोडं.

पाणी पुन्हा द्यायला किती दिवस थांबायचं? इथे लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. पाण्यातून निघालेल्या झाडाची खालची मुळं गेलेली असतात, वरची काही सेंटीमीटर उथळ मुळंच उरलेली असतात, आणि वरचा थर लवकर वाळतो. म्हणजे जे झाड गेल्या आठवड्यात बुडत होतं ते या आठवड्यात तहानेने मरू शकतं. रोज बोट पहिल्या पेरापर्यंत, नंतर दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून पाहा. दुसऱ्या पेराशी कोरडं लागलं तर थोडं पाणी.

मुळकुजीकडे लक्ष ठेवा. फायटॉप्थोरा आणि पिथियम या बुरशीसारख्या रोगजंतूंचे बीजाणू शेपट्या हलवत पाण्यातून पोहतात आणि गुदमरलेल्या मुळातून पाझरणाऱ्या इथेनॉलच्या मागावर मुळापर्यंत पोचतात. बुंध्याशी, मातीला टेकलेल्या जागी, नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवट-पांढरं असेल तर ठीक. तपकिरी पट्टा वर चढत असेल तर कूज लागली आहे, आणि तेव्हाच या रोगावर चालणारं औषध लेबलवरच्या मात्रेत वापरा. सगळ्या झाडांना सरसकट औषध ओतून काही साधत नाही, कारण औषधाने मुळांना हवा मिळत नाही.

पायरी ५: कोणतं झाड सोडायचं

पपई आणि अॅव्होकॅडो फार नाजूक आहेत. गरम दिवसांत दोन-चार दिवस पाण्यात राहिलेली पपई वाचवण्यात वेळ घालवू नये. नवं रोप लावणं शहाणपणाचं. पीच, जर्दाळू यांच्या मुळांत सायनाइड बांधून ठेवलेलं असतं आणि ऑक्सिजन तुटला की ते सुटून मूळच मारतं, म्हणून तीही लवकर जातात. तूर, हरभरा, तीळ, मिरची नाजूक, सोयाबीन मध्यम, ऊस बराच सोसतो. नासपती आणि पेरू सफरचंदापेक्षा बरे. एकाच जातीतही लहान रोप आधी जातं आणि मोठं झाड तगतं. पण मोठं झाड वर्षभर हिरवं राहून पुढच्या हंगामात शेंड्याकडून वाळू लागतं, तेव्हा 'वाचलं' म्हणायची घाई नको.

पायरी ६: पुन्हा साचू नये म्हणून

कोरड्या दिवसांत निचऱ्याची चाचणी घ्या. ३० सेंटीमीटर खोल खड्डा काढा, पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या, लगेच परत भरा आणि या वेळी तासाला पाणी किती उतरतं ते मोजा. अडीच सेंटीमीटरपेक्षा कमी उतरलं तर निचरा खराब. मग खाली काय आहे ते पाहा: नांगराच्या फाळाने दाबलेला कडक थर असेल तर तो फोडून काम होईल, भूजलच वर आलेलं असेल तर फोडून उपयोग नाही, गादीवाफे किंवा जमिनीखालचे चरच हवेत. दोन्ही कारणांवर तोच एक उपाय करणाऱ्यांचा पैसा वाया जातो.

गादीवाफा १५ ते ३० सेंटीमीटर उंच पुरतो आणि बहुतेक भाज्यांसाठी हाच सर्वांत खात्रीचा उपाय. चिकणमातीत थोडी वाळू मिसळून निचरा होत नाही. वाळूचे कण चिकणमातीत रुतून बसतात आणि मिश्रण आणखी घट्ट होतं. जिप्समने फक्त चोपण, सोडियम जास्त असलेल्या जमिनीत फरक पडतो. पूर्ण कुजलेलं कंपोस्ट दरवर्षी देत राहिलं तर मातीचे कण एकत्र येऊन मोठ्या पोकळ्या होतात. पाणी निथळल्यावर मातीच्या आकारमानाच्या निदान १० टक्के जागा हवेने भरलेली असावी, हा ढोबळ उंबरठा. कुंडीच्या तळाशी खडी घालू नका: अडकलेला ओला थर खडीच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ. त्यापेक्षा पूर्ण कुंडीतच भरड मिश्रण भरा.

पायरी ७: पाणी काढताच येत नसेल तर

मग झाड बदला. अळू, कर्दळ, केवडा, वाळा, कमळ यांना ओल हवीच असते. वृक्षांत वाळुंज, अर्जुन, जांभूळ, करंज सोसतात. फळझाड हवंच असेल तर खुंटाकडे, म्हणजे ज्या मुळावर कलम बांधलंय त्याकडे, पाहा. पीचच्या स्वतःच्या मुळापेक्षा मायरोबलन प्लमचा खुंट ओल जास्त सोसतो. लागवड कोरड्या हंगामाच्या सुरुवातीला करा, म्हणजे पाणी येईपर्यंत मुळं पसरलेली असतील. सोशिक झाडालाही पहिल्या वर्षी बुडवून ठेवलं तर ते जातं.

खड्ड्याऐवजी उंचवट्यावर लावा: साधारण मीटर-दीड मीटर रुंद, निदान ३० सेंटीमीटर उंच, कडेने उतार दिलेला. उंचवटा पहिल्याच पावसात खचतो, त्यामुळे लावताना रोपाची मान, म्हणजे खोड आणि मूळ जिथे मिळतात ती जागा, मातीच्या चार-पाच सेंटीमीटर वर ठेवा आणि कलमाचा जोड त्याहूनही वर. पाऊस संपल्यावर मान मातीखाली गेली आहे का ते पाहा, गेली असेल तर भोवतालची माती हाताने बाजूला करा आणि उंचवट्याच्या कडेला वाढवा.